स्पोर्ट मोड लावूनही गाडी उचलत नाही, किंवा लावला की हिसके मारते: आधी काय तपासायचं?

"स्पोर्टचं बटण दाबलं की मीटर लाल होतो, बाकी काहीच होत नाही." ही एक तक्रार. "स्पोर्ट लावला की गाडी हिसके मारते, मागे बसलेल्यांना मळमळतं." ही दुसरी. नाशिकमध्ये ऑटोमॅटिक गाड्या वाढल्यापासून या दोन्ही तक्रारी सारख्या कानावर येतात, आणि कित्येकदा एकाच मॉडेलबद्दल. बहुतेक वेळा गाडीत काही बिघडलेलं नसतं. पण अधूनमधून खरोखरचा बिघाड असतो आणि "मोडच तसा आहे" म्हणत तो महिनोन्‌महिने मागे पडत राहतो. हे दोन प्रकार घरच्या घरी वेगळे करता येतात.

बटण नक्की काय करतं, ते आधी पाहू. मारुती ८०० च्या काळात ॲक्सिलरेटरपासून इंजिनपर्यंत चक्क एक केबल जायची. पाय जेवढा दाबला तेवढी झडप उघडायची. आजच्या गाडीत ती केबल नाही. पेडलच्या बुडाशी सेन्सर असतात, ते पाय किती दाबला हे कॉम्प्युटरला कळवतात आणि इंजिनाला किती ताकद मागायची ते कॉम्प्युटर ठरवतो. स्पोर्ट मोड मुख्यतः हा हिशेब बदलतो. साध्या मोडमध्ये पाव पेडलला जेवढी ताकद मिळते, त्याहून बरीच जास्त ताकद स्पोर्टमध्ये तेवढ्याच पावाला मिळते. पेडल तळाला टेकवलं की दोन्ही मोड सारख्याच ठिकाणी येऊन थांबतात. नळाची चावी अर्ध्या फेऱ्यात उघडली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही, तसंच हे.

ऑटोमॅटिक गाडीत याच्या जोडीला गिअरबॉक्सचं वागणं बदलतं. वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा पटकन पडतो, आणि पाय सोडला तरी गिअर धरून ठेवला जातो. काही गाड्यांत स्टिअरिंग जड होतं, म्हणजे मोटरची मदत कमी केली जाते. चाक किती वळणार ते तेवढंच राहतं. काहींमध्ये सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय स्पोर्टमध्ये थांबते. सस्पेन्शन कडक होणं हा महागड्या गाड्यांचा मामला आहे, कारण त्यासाठी विजेवर बदलणारे शॉकॲब्सॉर्बर लागतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते नसतातच. तरी "स्पोर्ट लावला की गाडी रस्त्याला चिकटून चालते" असं सांगणारे भेटतात. स्टिअरिंग जड झालं की हाताला तसं वाटतं. टायर तेच, पकड तीच.

मॅन्युअल गाडीत गिअर आपल्या हातात, म्हणून तिथे बटणाचा परिणाम जवळपास पेडलपुरताच उरतो. मॅन्युअलवाल्यांना फरक कमी जाणवला तर त्यात नवल नाही.

तक्रार पहिली: "काही फरकच पडत नाही"

एक चाचणी करा. पहाटे रस्ता मोकळा असताना मुंबई महामार्गावर वाडीवऱ्हे ते घोटीच्या दरम्यान एखादा सरळ, सपाट तुकडा निवडा. इंजिन पूर्ण गरम झालेलं असू द्या, एसी बंद, गाडीत तुम्ही आणि आणखी एक जण. साध्या मोडमध्ये ताशी ४० वर गाडी स्थिर करा, पेडल पूर्ण तळाला दाबा आणि ८० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोबाईलवर मोजू द्या. मग स्पोर्टमध्ये तेच. त्यानंतर दोन्ही मोडमध्ये पेडल फक्त एक-तृतीयांश दाबून पुन्हा तेच. मॅन्युअल गाडी असेल तर सगळीकडे गिअर एकच ठेवा.

पूर्ण पेडलला वेळ जवळपास सारखा आणि एक-तृतीयांश पेडलला स्पोर्ट स्पष्टपणे पुढे, असं आलं तर बटण आपलं काम चोख करतंय. तुमची सवयच पेडल खोल दाबायची असेल तर फरक जाणवणार नाही, कारण तुम्ही आधीपासूनच सगळी ताकद वापरताय. ही तुलना साध्या मोडशी करा, इंधन वाचवणाऱ्या इको मोडशी नको. इकोमध्ये काही गाड्या मुद्दाम ताकद आखडतात, एसीचा कॉम्प्रेसरही कमी चालवतात. नेक्सॉनमधले इको, सिटी आणि स्पोर्ट किंवा इनोव्हा क्रिस्टातली इको आणि पॉवरची बटणं घ्या: इकोवरून थेट टोकाच्या मोडला गेलं की फरक प्रचंड वाटतो आणि मधला मोड नको तितका मिळमिळीत वाटायला लागतो. काही मोजक्या गाड्यांत मधल्या मोडलाही ताकदीची मर्यादा असते. तसं असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

पण पूर्ण पेडल दाबूनही दोन्ही मोडमध्ये गाडी रडत असेल, पूर्वी ज्या चढावर सहज जायची तिथे दम लागत असेल, तर मोडचा नाद सोडा. बिघाड दुसरीकडे आहे.

सगळ्यात आधी खाली वाका आणि पायाखालचं मॅटिंग बघा. यावर हसू नका. जाड थरांचं मॅटिंग बसवलं, त्यावर पुन्हा गवती मॅट टाकली की पेडलच्या बुडाशी बोटभर उंचवटा तयार होतो. पेडल तळाला टेकलंय असं पायाला वाटतं, प्रत्यक्षात ते मॅटवर टेकलेलं असतं. कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांत पेडलच्या अगदी शेवटी एक टकटक जाणवते. तिथपर्यंत पाय गेला तर गिअरबॉक्स झटकन दोन गिअर खाली येतो. मॅट आड आली तर ती टकटक कधी येतच नाही आणि माणूस म्हणतो, गाडीला पिकअप नाही. इंजिन बंद ठेवून मॅट पूर्ण बाहेर काढा आणि पेडल हातानं शेवटपर्यंत दाबून पाहा. सरकणारी मॅट याहून वाईट, कारण ती दाबलेलं पेडल अडकवून ठेवू शकते.

त्यानंतर एअर फिल्टर. सातपूर-अंबडच्या आतल्या रस्त्यांवर किंवा सिन्नरकडे रोज जाणं-येणं असेल, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे अर्धं शहर खोदलेलं असताना, कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहू नका. डब्याच्या क्लिपा हातानं निघतात, फिल्टर काढून उजेडासमोर धरा. गंगापूर रोडच्या पलीकडे मळ्यांना लागून असलेल्या नव्या कॉलन्यांत आणखी एक पाहुणा असतो. फिल्टरच्या डब्यात भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, कापसाचे बोळे आणि लेंड्या निघाल्या की उंदरानं संसार थाटलाय हे वेगळं सांगायला नको. मग जवळच्या वायरी आणि रबरी पाइपही नीट तपासा. टर्बो गाडीत, म्हणजे जिथे इंजिनात हवा दाबून भरली जाते, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप थोडा जरी कुरतडला किंवा क्लिप ढिली झाली, तर जोर दिल्यावर "फुस्स" असा आवाज येतो, डिझेल गाडी काळा धूर सोडते आणि ताकद गायब होते. अशा वेळी स्पोर्ट लावल्यावर फक्त आवाज वाढतो.

पुढची पायरी म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (यातून गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचता येते) लावायचं छोटं ब्लूटूथ डोंगल. त्यात पेडलच्या दोन सेन्सरचे आकडे दिसतात. पाय न लावताही आकडा शून्य नसतो, पंधराच्या आसपास काहीतरी दिसतं, आणि पूर्ण दाबल्यावर शंभर न होता ऐंशीच्या घरात थांबलेलं दिसू शकतं. ते नॉर्मल आहे. बघायचं ते हे, की पेडल सावकाश दाबताना आकडा गुळगुळीत चढतो का मध्येच उडी मारतो. बहुतेक गाड्यांत एका सेन्सरचं व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतं. ते प्रमाण बिघडलं की कॉम्प्युटरचा पेडलवरचा विश्वास उडतो, तो इंजिनाची ताकद बांधून ठेवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. या अवस्थेत कितीही बटणं दाबा, काही उपयोग नाही.

डिझेलवाल्यांसाठी थोडं जास्त. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी धूर खूप गरम व्हावा लागतो. इंदिरानगरहून अंबडला कामावर आणि परत, एवढ्यात तो कधी तापतच नाही. काजळी साठत गेली की आधी ताकद थोडी कमी वाटते, मग दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद बांधून घेते. दिवा नुसता लागला असेल आणि बाकी कोणताही दिवा नसेल, तर घोटीपर्यंत न थांबता एक फेरी मारा: ताशी ६० ते ८० चा वेग, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दोन हजारांच्या वर, साधारण वीसेक मिनिटं. स्पोर्ट मोडचा खरा उपयोग इथे होतो, कारण ऑटोमॅटिक गाडी एरवी लगेच वरच्या गिअरला जाऊन आरपीएम पाडते, स्पोर्टमध्ये ती गिअर धरून ठेवते. दिवा लुकलुकत असेल किंवा जोडीला चेक इंजिन असेल, तर फिरवत बसू नका, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

मुंबईहून बदली होऊन आलेले काही जण म्हणतात, गाडी नाशिकला आल्यापासून मंदावली. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला तेवढा फटका बसतो खरा, पण तो जाणवेल न जाणवेल इतकाच. त्याच्या नावावर मोठा बिघाड खपवू नका.

तक्रार दुसरी: "हिसके बसतात"

याचं मूळ पुन्हा पेडलच्याच हिशेबात. स्पोर्टमध्ये पेडलचा पहिला इंच फार तिखट असतो. त्यात गिअरबॉक्स खालचा गिअर धरून बसलेला, म्हणून पाय सोडला की इंजिन गाडीला मागे ओढतं आणि दाबला की गाडी उसळते. गंगापूर रोडवर एका गतिरोधकापासून दुसऱ्यापर्यंत हे चाललं की मागच्या सीटवरची मंडळी माना डोलावतात. द्वारका चौकाच्या कोंडीत तर स्पोर्ट लावण्यात काहीच अर्थ नाही. तिथे गाडी दहाच्या वर जात नाही आणि तिखट पेडलमुळे तुम्ही सारखे पुढच्याच्या बंपरवर जाता.

पुढे गिअरबॉक्सच्या जातीवर अवलंबून. एएमटी ही खरं तर मॅन्युअल पेटीच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते. स्पोर्टमध्ये हा बदल जास्त आरपीएमवर होतो, म्हणून ती तूट मानेला कळते. गिअर बदलणार असं वाटलं की पाय किंचित सैल सोडा, झटका निम्म्यावर येतो. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या पेटीत, उलटी तक्रार येते: आवाज आधी चढतो, वेग मागून येतो, आणि लोकांना वाटतं पट्टा घसरतोय. सीव्हीटीचा स्वभावच तो आहे. स्पोर्टमध्ये ती आरपीएम वर धरते म्हणून तो जास्त उघडा पडतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी पेटी, सगळ्यात सोशिक.

ड्युअल क्लचवाल्यांनी, म्हणजे दोन क्लच आळीपाळीनं चालणाऱ्या पेटीवाल्यांनी, मात्र लक्ष द्यावं. व्हर्टस-टायगूनच्या सात गिअरच्या पेटीत किंवा क्रेटा टर्बोमध्ये क्लच कोरडे आहेत. त्यांना थंड ठेवायला तेल नाही. कोंडीत पेडलला हलका पाय लावून इंच इंच सरकलं की क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. मुंबई नाक्याच्या चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे तर रोज दिसतात. स्पोर्टमध्ये हे आणखी लवकर घडतं. तापलेला क्लच आधी हिसके देतो, मग मीटरवर इशारा येतो. उपाय साधा आहे: पुढच्या गाडीला एक गाडीभर जाऊ द्या, मग एकदमच पुढे जा, आणि थांबल्यावर ब्रेकच धरा.

खरा बिघाड ओळखायची खूण एकच. साध्या मोडमध्ये, त्याच वेगाला, त्याच गिअरला हिसका येतो का? येत असेल तर स्पोर्टचा दोष नाही. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. ड्युअल क्लचमध्ये स्कॅनर लावून क्लचचं ॲडॅप्टेशन, म्हणजे पकडीची नव्यानं जुळणी, करून घ्या. इंजिनाचे माउंटिंग गेलेत का हेही पाहून घ्या: बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि डी ते आर, आर ते डी करा. दुसऱ्या माणसाला गाडीसमोर नको, बाजूला उभं करून इंजिन बघायला सांगा. थोडं हलणं ठीक, एका बाजूला उचलून आपटत असेल तर रबर गेलं.

आणखी एक सापळा. पेडल आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायचा "थ्रॉटल कंट्रोलर" म्हणून एक डबा ॲक्सेसरीच्या दुकानांत मिळतो. पिकअप वाढतो असं सांगून विकतात. तो करतो ते काम स्पोर्ट मोडचंच, पाव पेडलचं अर्धं पेडल करून पुढे पाठवतो. गाडीत स्पोर्ट असताना तो लावला की दोन तिखट हिशेब एकावर एक चढतात आणि पाय ठेवायची सोय राहत नाही. वॉरंटीचा वाद वेगळाच. माझ्या मते हे पैसे पाण्यात. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पेडलच्या कनेक्टरपाशी एखादी उपरी वायर दिसते का बघा. आधीच्या मालकानं डबा बसवलेला असतो आणि नव्या मालकाला पत्ता नसतो.

तक्रार तिसरी: "स्पोर्ट आपोआप निघून जातो"

ह्युंदाई-किआच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की स्पोर्ट जाऊन नेहमीचा मोड येतो. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. यासाठी सर्व्हिस सेंटरला खेटे घालायची गरज नाही. गाडी चालू असतानाच मोड सुटत असेल तर मात्र दुसरं काहीतरी आहे: बटणाचा संपर्क ढिला, नाहीतर कॉम्प्युटरनं चूक पकडून मोड नाकारलाय. क्रेटासारख्या गाडीत वाळू, चिखल, बर्फ असे रस्त्याचे मोड वेगळे असतात, तेही चुकून निवडले गेलेले असू शकतात. आणि गिअरच्या दांड्यावरचा एस हे वेगळं प्रकरण आहे. व्हर्टसमध्ये मोडचं बटणच नाही, फक्त एस आहे, आणि तो प्रामुख्यानं गिअरबॉक्सचं वागणं बदलतो.

ॲव्हरेजबद्दल सगळे विचारतात. शहरात ते पडणारच. गरवारे पॉइंटपासून उड्डाणपुलावर एकाच वेगानं जाताना फार फरक पडत नाही, वरचा गिअर उशिरा पडण्याइतकाच.

कुठे लावायचा

मोहदरी घाट चढताना साध्या मोडमध्ये ऑटोमॅटिक गाडी तिसरा-चौथा, चौथा-तिसरा अशी घुटमळते. दर वळणावर पाय सुटतो, ती वरचा गिअर टाकते, वळण संपलं की पुन्हा खाली येते. स्पोर्टमध्ये ती तिसरा धरून बसते आणि चढ एका दमात संपतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जातानाही तेच. तिथे गाडी भरलेली असते, म्हणून आणखीच उपयोग. टर्बो गाडीला याचा दुहेरी फायदा, कारण आरपीएम वर राहिल्यानं टर्बोला श्वास घ्यायला थांबावं लागत नाही.

कसारा घाट उतरताना स्पोर्ट काही प्रमाणात इंजिन ब्रेकिंग देतो, पण त्याच्यावर विसंबू नका. मॅन्युअल मोडमध्ये किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलनं स्वतःच खालचा गिअर टाका. खाली पोहोचेपर्यंत चाकांपाशी जळका वास येत असेल तर सगळं काम ब्रेकनं केलं असं समजा. पावसाळ्यात इगतपुरीच्या आसपास स्पोर्ट बंद. ओल्या रस्त्यावर तिखट पेडल म्हणजे पुढची चाकं फिरकी घेणार, आणि धुक्यात ओव्हरटेक करायला तसंही कोणी जाऊ नये.

विजेच्या गाड्यांत वरचं बरंच लागू होत नाही. नेक्सॉन ईव्हीच्या सुरुवातीच्या गाडीत डी आणि एस असे दोनच मोड होते आणि एसमध्ये खरोखर जास्त टॉर्क मिळायचा. तिथे पूर्ण पेडलची चाचणी वेगळा निकाल देईल. बॅटरी फार उतरली किंवा तापली की ईव्ही स्वतःच ताकद कमी करते. तेव्हा स्पोर्ट चालत नाही म्हणून रागावण्याआधी टक्केवारी बघा.

एवढं करूनही गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली, तर जॉब कार्डवर "पिकअप नाही" एवढंच लिहू देऊ नका. त्यावर ते फिल्टर झटकून, गाडी धुऊन परत देतात. लिहायला सांगा: इंजिन गरम, साधा मोड, तिसरा गिअर, ४० ते ८० ला इतके सेकंद, स्पोर्टमध्ये इतके, मॅट काढून पाहिली, एअर फिल्टर बदलला, दिवा लागतो की नाही. डोंगलवर कोड आला असेल तर तो पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि ट्रायलला मेकॅनिक दादांना शेजारी बसवून गाडी स्वतः चालवा, कारण त्यांच्या पायाची सवय वेगळी असते आणि तुमचा हिसका त्यांना बसत नाही.